आईची पंच्याहत्तरी: सगळ्यांनी मिळून जायचंय, पण कुठे?

शेंडेफळ
येत्या फेब्रुवारीत आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत. हॉल, पाहुणे, भाषणं यातलं काहीही नको असं तिने निक्षून सांगितलंय. म्हणून सगळ्यांनी मिळून आठ-दहा दिवस कुठेतरी जायचं, इथपर्यंत आम्हा तीन भावंडांचं एकमत झालं. पुढे गाडी अडली आहे.

दादा युरोपात असतो, त्याला क्रूझ हवी. ताई ऑस्ट्रेलियात, ती स्वित्झर्लंडवर अडून बसली आहे. मी आईबाबांजवळ असते आणि माझं मत जपान, कारण आईला बागांचं वेड आहे. एकूण अकरा माणसं. सर्वांत लहान मेंबर चार वर्षांचा, सर्वांत मोठे बाबा, वय ७९. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर तासभर आरामात चालते, जिने दिसले की मात्र चेहरा बदलतो. बाबांना कमी ऐकू येतं आणि त्यांना ते मान्य नाही.

आईला विचारलं की एकच उत्तर: "तुम्ही ठरवाल तिथे."

तुम्ही अशा वेळी ठिकाण कसं ठरवलंत? आणि दादाच्या मते सगळं सरप्राइज ठेवायचं. ठेवावं का?

मुक्कामपोस्ट
"तुम्ही ठरवाल तिथे" याचा अर्थ "ठरवा, मग मी नाक मुरडायचं की नाही ते बघते" असा असतो. आमच्या घरचा अनुभव.

कुठे जायचं हे विचारूच नका. छोटे, उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा. आठ दिवस एकाच खोलीत राहायला आवडेल की दोन दिवसांनी गाव बदललेलं चालेल? सकाळी सातला निघायचं की दहाला? थंडी सोसेल की ऊन? समोर बसून बघायला आवडतं की आत जाऊन? चार-पाच उत्तरं मिळाली की अर्धा नकाशा आपोआप पुसला जातो.

माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, "मी तळ्याकाठी पुस्तक घेऊन बसेन, तुम्ही फिरा आणि संध्याकाळी काय पाहिलं ते सांगा." आम्हाला वाटलं भिडेपोटी म्हणतायत. ते अगदी मनापासून म्हणत होते. तिथल्या बाकावर त्यांची ओळख झालेल्या एका गृहस्थांशी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

तिरकस
अकरा माणसं आणि एक मत? त्यापेक्षा चार वर्षांच्या मेंबरला ठरवू द्या. निदान तो कारण तरी सांगेल.

लाटांवर_स्वार
दादांना माझा पाठिंबा. बॅग एकदाच उघडायची, लिफ्ट आहे, दवाखाना आहे, ज्याला जे करायचं ते करावं आणि संध्याकाळी एकत्र यावं. तीन पिढ्यांसाठी याहून सोपं काही नाही.

दोन गोष्टी मात्र बुकिंगआधी बघा. एक, जहाज प्रत्येक ठिकाणी धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहून छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. याला टेंडर पोर्ट म्हणतात. ग्रीसचं सँटोरिनी तसंच आहे. हलत्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे गुडघेदुखीवाल्यांची परीक्षा. व्हीलचेअर असेल तर काही जहाजं अशा ठिकाणी उतरूच देत नाहीत. दोन, खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. वरची बाल्कनीवाली खोली फोटोत छान दिसते, लाटा उठल्या की तिथेच जास्त झोके बसतात.

चकवा
असहमत. मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार लोक एकाच वेळी उतरतात आणि एकाच वेळी परततात. बंदरावर मिळतात सात-आठ तास, त्यातले दोन रांगेत. व्हेनिस बघायला गेलेल्या माझ्या मावशीने मुख्यतः पुढच्या माणसाची टोपी पाहिली. तसंही व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. गुडघेवाल्यांनी तिथे वॉटरबसचा पास काढावा आणि कालव्यातूनच शहर बघावं.

रुळावरून
ताईंच्या स्वित्झर्लंडबद्दल बोलतो. ग्लेशियर एक्सप्रेस ही नावाची एक्सप्रेस. झरमॅट ते सेंट मॉरिट्झ साधारण आठ तास, २९१ पूल, ९१ बोगदे. खिडक्या छतापर्यंत. चालायला न लागता एवढं निसर्गदर्शन दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण आठ तास बसणं हाही व्यायामच आहे. बहुतेक ज्येष्ठ मंडळी चौथ्या तासाला छान झोपतात आणि सर्वांत सुंदर दरी झोपेत पार करतात. त्यापेक्षा बर्निना एक्सप्रेस घ्या, कूर ते तिरानो चार तासांत संपते, आणि ब्रुसिओचा तो वर्तुळाकार पूल जागेपणी बघता येतो.

फेब्रुवारी ही मात्र खरी अडचण. गाड्या चालू असतात, बर्फही भरपूर असतो, पण फुटपाथवर रात्री गोठलेलं पाणी सकाळी आरशासारखं होतं. गुडघ्यापेक्षा मला मनगटाची आणि खुब्याची काळजी वाटते.

नाडीपरीक्षा
मी डॉक्टर आहे, पण तुमच्या आईची नाही. त्यामुळे हे सर्वसाधारण समजा आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

ठिकाण ठरवताना समुद्रसपाटीपासूनची उंची बघायला लोक विसरतात. साधारण २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो आणि तो तरुणांनाही होतो. लेह ३,५०० मीटर, पेरूतलं कुस्को ३,४०० मीटर. दोन्हीकडे थेट विमानाने उतरलं तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. गंमत म्हणजे माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, म्हणून जाणकार लोक विमानतळावरून आधी खालच्या खोऱ्यात मुक्कामाला जातात. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर आहे. तिथे तास-दोन तास थांबून खाली येणं बहुतेकांना जमतं, पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी विचारावं. विमानातल्या हवेचा दाबही जमिनीवरच्यासारखा नसतो. आपण साधारण १,८०० ते २,४०० मीटरवर बसल्यासारखे असतो. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर तेही महत्त्वाचं.

चार तासांहून मोठ्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. उठून चालणं, बसल्या जागी पाऊल वरखाली करणं, पाणी पिणं. दाबाचे मोजे कुणाला योग्य ते डॉक्टर सांगतील, मनाने घेऊ नका.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये, ते गोठू शकतं. आणि जपानला जाणार असाल तर सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट वाचा. सुडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असलेली औषधं तिथे नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांवर कडक नियम आहेत. विमान तिथे बदलणार असलात तरी आधी तपासलेलं बरं.

सत्तरीतली_बाई
मघापासून वाचतेय. इथे आईबद्दल चाललंय की नाजूक पार्सलबद्दल?

मी ७४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे कुरकुरतात. गेल्या हिवाळ्यात मी जॉर्डनमधल्या पेट्राला गेले. मुलगा म्हणत होता, अम्मानमध्येच राहू, तिथून फोटो बघू. मी म्हटलं, तू राहा. प्रवेशद्वारापासून पुढे जाऊन ती सव्वा किलोमीटरची अरुंद घळ मी माझ्या वेगाने चालले, मधे चार ठिकाणी बसले, आणि वळणाच्या टोकाला तो खडकात कोरलेला दर्शनी भाग दिसला तेव्हा मुलगा मागे राहिला होता कारण तो फोनवर होता. वरच्या मठापर्यंत आठशेच्या वर पायऱ्या आहेत, तिथे गेले नाही. नाही गेले तर नाही गेले. खाली बसून सावली घेतली.

माझं म्हणणं एवढंच, की जिने नकोसे असणं आणि कुठेच न जाणं यांच्या मधे खूप मोठी जागा आहे. आईंना विचारा, कशासाठी त्या त्रास सोसायला तयार आहेत. प्रत्येकाकडे असं एक तरी काहीतरी असतं.

आणि विमानतळावरच्या व्हीलचेअरबद्दल सगळे लाजतात. मी घेते. मला चालता येतं, पण दोन किलोमीटर लांब टर्मिनलमध्ये गुडघा खर्च करायची इच्छा नाही. बुकिंगच्या वेळी नीट सांगायचं. तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात, लांब चालणं नको. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही नकोत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट आसनापर्यंत मदत. चुकीचा प्रकार लिहिला गेला की विमानाच्या शिडीपाशी गोंधळ होतो. निदान ४८ तास आधी कळवावं.

भोज्या
काकू, दंडवत!

शेंडेफळ
काकू, पार्सलवाला टोला बरोबर बसला. ताईला स्क्रीनशॉट पाठवला, तिने मला उलट "हे तुलाच आहे" म्हणून पाठवला.

डॉक्टरसाहेब, आभार. आईला रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही. बाबांच्या स्टेंटला बरीच वर्षं झालीत. तपासणी करून घेऊ.

चष्मा_विसरलेला
सरप्राइजबद्दल कुणीच बोलत नाहीये. माझ्या आतेभावाने त्याच्या आईला "दोन दिवस जवळच जातोय" असं सांगून विमानतळावर नेलं आणि तिथे पासपोर्ट हातात दिला. आत्याने बरोबर दोनच दिवसांच्या गोळ्या घेतलेल्या. दुसरा चष्मा घरी. शेजारणीला दिलेला शब्द मोडला. सगळे फोन काढून तिच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपायला उभे, आणि ती "माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालणार" म्हणून भडकलेली. तो व्हिडिओ आमच्याकडे दर दिवाळीत लावतात.

सांजवारा
सरप्राइज वाईट नसतं, चुकीच्या गोष्टीचं असतं. आम्ही ठिकाण, तारखा, हॉटेल सगळं आईबरोबर बसून ठरवलं. लपवलं ते एकच, की तिची कॉलेजातली मैत्रीण तिसऱ्या दिवशी तिथे येणार. दोघी अठ्ठावीस वर्षांनी भेटल्या. पुढचे दोन दिवस आम्ही कुणाच्या खिजगणतीत नव्हतो. ठिकाण सांगा, माणसं लपवा.

शेंडेफळ
सांजवारा, ही कल्पना चोरतेय.

पाळणाघर
एक कटू बाजू. आमच्याकडे सासूबाईंच्या सत्तरीची ट्रिप झाली आणि सासूबाईंनी नातवंडं सांभाळली. कुणी मुद्दाम केलं नाही. "आई, तुम्ही नाहीतरी वर चढणार नाही, मग बाळ तुमच्याजवळ राहू दे" असं रोज कुणी ना कुणी म्हणत गेलं. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "छान झालं. बाळ गुणी आहे."

चार वर्षांचं पोर बरोबर आहे म्हणून सांगते, निघण्याआधी पाळ्या लावा. आईचं नाव त्या यादीत नको.

तिरकस
आणि बाबांचं?

पाळणाघर
बाबांचंही नको. पण बाबांकडे कुणी मूल देतच नाही, ही त्यांची हुशारी.

हिशेबनीस
ठिकाणाच्या आधी पैशांचं बोला. तीन भावंडं, तीन देश, तीन पगार. ज्याला सर्वांत कमी झेपतं तो ग्रुपवर कधीच बोलत नाही, तो "सुट्टी मिळेल असं वाटत नाही" म्हणतो. आम्ही असं केलं: आईवडिलांचा सगळा खर्च आणि सगळ्यांची राहण्याची जागा एका खात्यात, तो उत्पन्नाच्या प्रमाणात. आपापल्या घरच्यांचं विमानभाडं ज्याचं त्याने. आणि कमाल मर्यादा काय ते थोरल्याने प्रत्येकाला वेगवेगळा फोन करून विचारलं.

शिवाय ७९ आणि ७५ वय असताना रद्द करता न येणारं बुकिंग करू नका, स्वस्त पडलं तरी. विम्यात आधीचे आजार लपवू नका. स्टेंट लिहिलाच पाहिजे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण मागतात, ते व्हिसापुरतं झालं. जुना आजार उफाळला तर ती पॉलिसी पैसे देणार का, हा प्रश्न वेगळा, आणि तो लेखी विचारायचा.

उन्हाळी_पाखरू
वाढदिवसाच्याच दिवशी तिथे असायला हवं असं कुणी सांगितलंय? एप्रिलमध्ये जा. जपानला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो. फेब्रुवारीत क्योतोमध्ये फुलं हवीत तर उमे, म्हणजे तिथल्या प्लमचा बहर बघावा लागेल. तो सुंदर असतो, पण थंडी बोचरी. बागांसाठीच जायचं तर हिवाळ्यात कानाझावाची केनरोकुएन ही बाग बघा. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडांना वरून छत्रीच्या काड्यांसारखे दोर बांधलेले असतात. वाटा मात्र खडीच्या आणि काही ठिकाणी चढाच्या.

जपानची एक सोय ज्येष्ठांसाठी सोन्यासारखी: एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात बॅगा कुरिअरने पाठवता येतात. स्टेशनातल्या गर्दीत कुणालाच बॅग ओढावी लागत नाही.

चकवा
साकुराच्या आठवड्यात अर्धं जग क्योतोत असतं. तिथेही पुढच्या माणसाची टोपी.

वाळवंटी
नेमकी तारीख कोणती? २२ च्या आसपास असेल तर इजिप्तमधलं अबू सिंबेल सुचवतो. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला, उगवत्या सूर्याचा किरण थेट मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात जातो. तिथे चार मूर्ती आहेत. तिघांवर उजेड पडतो, प्ताह हा पाताळाशी नातं असलेला देव अंधारातच राहतो. आणि हे सगळं मंदिर १९६० च्या दशकात आस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून कापून, उचलून साधारण ६५ मीटर उंचावर परत बसवलेलं. तरी किरण बरोबर आत येतो!

चकवा
आणि त्या पहाटे तिथे किती गर्दी असते तेही सांगा.

वाळवंटी
असते. मध्यरात्रीनंतर रांग लागते. २२ ला जाऊ नका, २५ ला जा. मूर्ती तिथेच असतात. लक्सर ते आस्वान नाईलवरची बोट हा मुख्य कार्यक्रम ठेवा, नदी शांत असते, हेलकावे जवळपास नाहीत. फक्त काठावर बोटी एकीला एक लागून उभ्या करतात आणि तिसऱ्या बोटीतून पहिल्या बोटीच्या लॉबीतून बाहेर यावं लागतं. उंबरे, पायऱ्या, फळ्या. गुडघ्याचं आधी सांगून ठेवा.

रुळावरून
प्ताहवरून आठवलं. आमच्या ग्रुप फोटोत बाबा नेहमी अंधारात असतात. कॅमेरा त्यांच्याच हातात असतो म्हणून.

शेंडेफळ
तारीख ११ आहे. पण धागा भलताच उपयोगी पडला.

मुक्कामपोस्टच्या प्रश्नांचा कागद मी स्वतः न विचारता भाचीकडे दिला. ती चौदा वर्षांची, आजीशी रोज व्हिडिओ कॉल करते. आजीने माझ्या प्रश्नांना कधी दिली नसती अशी उत्तरं तिला दिली. गाव बदलायला नको. दहाला निघायचं. ऊन चालेल, थंडी नको. आणि शेवटी आजीने स्वतःहून विचारलं म्हणे, "तिथे मला सकाळी एकटीला फिरायला जाता येईल का?"

आई गेली कित्येक वर्षं सकाळी सहाला एकटी बाहेर पडते. कुणी सोबत यायला लागलं तर तिला आवडत नाही. ट्रिपला गेलं की आम्ही तिला एकटीला सोडतच नाही. रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही, थांब मी येते. म्हणजे सुट्टीत तिची रोजची एक गोष्ट आम्ही हमखास काढून घेतो. हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

तर आता प्रश्न असा: दार उघडून बाहेर पडलं की सपाट, सुरक्षित, बाग असलेली जागा, फेब्रुवारीत थंडी नाही, एकाच ठिकाणी मुक्काम. सुचवा.

सत्तरीतली_बाई
बघा. मिळालं की नाही.

लाटांवर_स्वार
जहाजाच्या डेकवर पहाटे चकरा मारता येतात हो! सपाट, सुरक्षित, हरवण्याची भीती नाही.

चकवा
बाग?

लाटांवर_स्वार
...काही जहाजांवर असते.

मुक्कामपोस्ट
सिंगापूर. रस्ते सपाट, फुटपाथ अखंड, पाट्या वाचता येतात. बोटॅनिक गार्डन्स पहाटे पाचला उघडतं, १८५९ पासूनचं आहे, २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. ऑर्किडचा भाग सोडला तर आत जायला तिकीट नाही. फक्त सूर्य तिथे सातच्या पुढे उगवतो, त्यामुळे सहाला अंधार असेल. आणि दमटपणा. नऊनंतर चालणं शिक्षा आहे.

दक्षिणवारा
ताई ऑस्ट्रेलियात आहे म्हणता, तर न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च बघा. फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा, पण भाजणारा नाही. मध्यवस्ती तळहातासारखी सपाट. हॅगली पार्क १६५ हेक्टरांचा, त्याला लागून बोटॅनिक गार्डन्स, आणि त्यातून एव्हन नदी वळणं घेत जाते. पार्कच्या कडेला जागा घेतली तर तुमच्या आई दारातून बाहेर पडून तासभर चालून परत येतील आणि एकही जिना लागणार नाही. २०११ च्या भूकंपानंतर मध्यभाग बराचसा नव्याने बांधलाय, त्यामुळे लिफ्ट आणि रॅम्प बहुतेक ठिकाणी आहेत. सकाळी साडेसहापर्यंत उजाडायलाही लागलेलं असतं.

आगगाडीवाल्यांसाठी ट्रान्झअल्पाइन आहे. क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ, २२३ किलोमीटर, पाच तासांच्या आत. सकाळी निघून संध्याकाळी परतही येता येतं, पण ज्येष्ठांनी आर्थर्स पास स्टेशनवर उतरून परतीची गाडी पकडावी, गाडीत बसण्याचे तास बरेच कमी होतात. खिंड हजार मीटरपेक्षा कमी उंचीवर, म्हणजे डॉक्टरसाहेबही खूश.

ऊन सौम्य वाटतं म्हणून टोपी घरी ठेवू नका. तिथले अतिनील किरण फार कडक असतात, थंड वाऱ्यात कळतही नाही आणि कातडी भाजते.

नाडीपरीक्षा
उंचीबद्दल खूश. विमानातल्या तासांबद्दल नाही. ७९ वर्षांच्या माणसाने मधे थांबावं.

मुक्कामपोस्ट
मग थांबा सिंगापूरला. जाताना दोन रात्री. माझाही हट्ट पुरा होईल.

उन्हाळी_पाखरू
न्यूझीलंडच्या विमानतळावर जैवसुरक्षा फार कडक. खाण्याचे पदार्थ, बिया, लाकडी वस्तू, चिखलाचे बूट, सगळं अर्जावर लिहायचं. लिहिलं की बहुतेक वेळा बघून सोडतात, नाही लिहिलं की जागेवर दंड. चिठ्ठीची औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात. आईंच्या पर्समध्ये बिया असतील तर आधी शोधा, बागवेड्या माणसांच्या असतातच.

शेंडेफळ
असतात. कप्प्यात, कागदाच्या पुड्यांत, नावं लिहून.

काल रात्री तिघं बोललो. क्राइस्टचर्च, मधे सिंगापूरला दोन रात्री. ताई लगेच तयार झाली कारण तिला जवळ पडतं, आणि आल्प्सऐवजी सदर्न आल्प्स मिळाले असं ती लोकांना सांगणार आहे. दादाचा प्रवास सर्वांत लांब, तो थोडा कुरकुरला. मग म्हणाला, नदीवर त्या चपट्या नावा असतात ना, तेवढी क्रूझ समजतो. पैशांचं हिशेबनीस यांनी सांगितल्यासारखं केलं. दादाने मला वेगळा फोन केला. बरं झालं केला, जास्त लिहीत नाही.

मग आईला सांगितलं. नकाशावर पार्क दाखवला. तिने फोन हातात घेऊन तो मोठा केला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "यातली फाटकं किती वाजता उघडतात?"

मैत्रिणीचं सरप्राइज आहे, ते इथेच राहू द्या.

दक्षिणवारा
हॅगली पार्क उघडाच असतो. बोटॅनिक गार्डन्सला मात्र फाटकं आहेत, त्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, जायच्या आधी बघून घ्या. आणि आईंच्या फोनमध्ये तिथलं सिमकार्ड पहिल्याच दिवशी घाला, राहत्या जागेचा पत्ता कागदावर लिहून खिशात द्या. मग कुणी मागे जायची गरज नाही.

सत्तरीतली_बाई
आणि कुणी मागे जाऊही नका. झाडाआडून लपून लक्ष ठेवणारी मुलं आम्हाला लांबूनच दिसतात.

भोज्या
हॉटेल की घर भाड्याने?

दक्षिणवारा
अकरा माणसांना एक मोठं घर आणि शेजारी एक छोटं, असं मिळालं तर उत्तम. एकाच घरात अकरा असले की सकाळी न्हाणीघराची रांग लागते, आणि सहाला निघणाऱ्या बाईंना सगळ्यांना ओलांडत जावं लागतं. आईबाबांची खोली तळमजल्यावर, दाराजवळची मागा.

पाळणाघर
आणि चार वर्षांचा दुसऱ्या घरात.

नवखा_प्रवासी
सगळं वाचलं, फार छान धागा. माझ्या वडिलांची साठी आहे जूनमध्ये. त्यांना डोंगर आवडतात, आईला समुद्र, दोघांनाही एकमेकांशिवाय जायचं नाही. कुणी काही सुचवेल का?

तिरकस
नवा धागा काढा राव. इथे अकरा जणांना अजून खोल्या वाटायच्या आहेत.